उंच जोते, सपाट उंबरठा

फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या सोप्यावर बाबांची एक ठरलेली जागा होती. दारातून बाहेर पडले की उजव्या हाताच्या दगडी बैठकीवर, खांबाला पाठ टेकून ते सकाळचा चहा घेत, वर्तमानपत्र वाचत आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलत. पक्षाघातानंतर इस्पितळातून त्यांना घरी आणले तेव्हा चौघांनी खुर्चीसकट उचलून पाच पायऱ्या चढवल्या. आयुष्यभर कोणाच्या आधाराने न चाललेल्या माणसाला असे उचलून नेलेले किती लागते, हे त्यांनी तोंडाने सांगितले नाही. त्यांनी बाहेर येणेच सोडले. सोपा दारापासून चार पावलांवर होता, पण मध्ये सहा इंचांचा उंबरठा होता, आणि पलीकडे दोन बैठकांमधली जागा इतकी अरुंद होती की चाकांची खुर्ची तिथे उभी केली तर घरात येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडत असे. मी व्यवसायाने आर्किटेक्ट आहे. ओसऱ्या, पडव्या आणि अंगणे यांविषयी वीस वर्षे बोलत आले, त्यांचे नकाशे काढत आले. माझ्याच घरातली ही जागा माझ्याच वडिलांना बंद झाली, तेव्हा ती आणखी किती जणांना आधीपासूनच बंद होती हे माझ्या प्रथम ध्यानात आले. आज जे लिहिते आहे ते तिथून सुरू होते.

धड आत नाही आणि धड बाहेर नाही, अशा या जागेला आपल्याकडे किती नावे आहेत ते पाहावे. ओटी, ओसरी, पडवी, सोपा, वसरी, राजांगण. पोर्तुगीज अमदानीत घडलेल्या घरांचे बाल्कांव. देवळांचे सभामंडप आणि त्यांच्या भोवतीच्या अग्रशाळा, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागा. मंगेशी, म्हार्दोळ किंवा कवळे इथल्या देवळांत भर दुपारी गेलेल्या माणसाला अग्रशाळेच्या लांब पडवीत पाऊल टाकताच अंगावरचा ताण उतरल्यासारखा वाटतो, आणि त्यामागे हवेचे साधे गणित आहे. गोव्याची हवा उष्ण आहे त्याहून अधिक ती दमट आहे. राजस्थानात पाण्याचे कारंजे किंवा ओला पडदा गारवा देतो, कारण तिथली कोरडी हवा पाणी शोषून घेते. आपल्याकडे हवा आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे घामसुद्धा सुकत नाही आणि पाणी शिंपडून फारसे काही साधत नाही. आपल्या हाती दोनच साधने उरतात: डोक्यावर सावली आणि अंगावरून वाहता वारा. सेकंदाला एक मीटर वेगाची झुळूक अंगावरून जात राहिली तर तीच हवा साधारण तीन अंशांनी थंड भासते. पडवी ही दोन्ही कामे एकाच वेळी करते, शिवाय आतल्या भिंतीवर ऊन आणि पाऊस पडू देत नाही, म्हणून मागची खोलीही निवते.

भारतीय हवामान खाते मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. किनारी प्रदेशासाठी मात्र ३७ अंश आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांची वाढ एवढी मर्यादा धरली जाते, आणि ती कमी असण्याचे कारण हाच दमटपणा होय. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यातील शाळा ९ आणि १० तारखेला उष्णतेमुळे दुपारपूर्वीच सोडाव्या लागल्या होत्या. मुले घरी गेली हे बरेच झाले, परंतु ज्यांना त्या दुपारी घरी जाता आले नाही त्यांचा विचार मी तेव्हापासून करत आले आहे: बांधकामावरचे मजूर, मासळी विकणाऱ्या बायका, दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवणारी पोरे, बसची वाट पाहणारे म्हातारे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची ६२.१७ टक्के लोकसंख्या शहरी आहे, देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. इतक्या लोकांना वातानुकूलित खोलीत बसवून उष्णतेवर मात करता येणार नाही, कारण ते यंत्र आतली उष्णता काढून रस्त्यावर टाकते, म्हणजे ज्याच्याकडे खोली नाही त्याच्याच अंगावर. ज्या जागेला दार नाही, तिकीट नाही आणि जिथे बसण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, अशी सावलीची जागा ही शहराची पाण्याच्या नळाइतकी मूलभूत सोय मानली गेली पाहिजे, असे माझे मत आहे.

जुन्या घरांचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र आपण झाकून ठेवतो, ती इथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. ओसरी ही जशी पाहुण्याचे स्वागत करणारी जागा होती तशीच ती माणसांना थोपवून धरणारीही होती. कोणी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणातच उभे राहायचे, कोणी पायरीवर बसायचे, कोणी ओसरीपर्यंत यायचे आणि कोणी वसरीत, हे जातीवरून ठरत असे, आणि घराचा प्रत्येक चढता स्तर ती उतरंड दगडात कोरून ठेवत असे. बायकांची बैठकही पुढच्या सोप्यावर क्वचितच दिसे. त्यांची अर्धमोकळी जागा म्हणजे राजांगणाभोवतीचा चौक किंवा मागचे दार. माझी आत्या लग्नाआधीची पंचवीस वर्षे त्या घरात राहिली, पण पुढच्या सोप्यावर निवांत बसलेली ती मला एकाही जुन्या छायाचित्रात सापडली नाही. त्यामुळे जुन्या घरांतून काय घ्यायचे आणि काय सोडायचे याची निवड डोळे उघडे ठेवून करावी लागेल. वळचणीची उंची, पडवीची खोली, बैठकीचा दगड आणि छपराचा उतार यांत पिढ्यान्पिढ्यांचे शहाणपण आहे. पायऱ्यांच्या उतरंडीत ते नाही.

परंतु जोते उंच का होते, यालाही कारण आहे. इथे किनारपट्टीवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत. जमिनीवरून वाहणारे पाणी, चिऱ्यांतून वर चढणारी ओल, साप, वाळवी, या सगळ्यांपासून जोत्याने घर वाचवले. पुढच्या काळात तर ही गरज वाढणारच आहे. मांडवीची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पणजीतील मळा या वस्तीसारख्या सखल भागात पाणी तुंबते. २०२१ च्या जुलैमध्ये सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत पुराने जी दैना केली ती पाहणाऱ्या कोणालाही जोते एक फुटाने उतरवा असे सांगण्याचा धीर होणार नाही. म्हणजे बदलते हवामान म्हणते जोते चढवा, आणि चाकांच्या खुर्चीवरचा माणूस म्हणतो पायरी नको. आमच्या क्षेत्रातले पुष्कळ लोक या दोन मागण्यांपैकी एक निवडतात आणि दुसरीच्या नावाने इमारतीच्या मागच्या बाजूला एक उभा रॅम्प डकवतात. माझी खात्री अशी झाली आहे की या दोहोंचा मेळ घालायला पडवीसारखी दुसरी जागा नाही, कारण उतारासाठी लागणारी लांबी आणि त्या उतारावर लागणारे छप्पर या दोन्ही गोष्टी तिच्यापाशी मुळातच असतात.

घराचेच उदाहरण देते. आमचे जोते अडीच फूट उंच. सुलभतेच्या मानकांनुसार रॅम्पचा चढ एकास बारापेक्षा अधिक असू नये, म्हणजे अडीच फुटांना तीस फूट लांबी लागते. मेस्त्रींनी अंगणात पावले टाकून पाहिली आणि म्हणाले, "बाय, बारा फुटांत बसवतो. दोघे मागून ढकलतील की." मी म्हटले, "मेस्त्री, ढकलायला कोणी नसेल तेव्हाही बाबांना जाता आले पाहिजे. तुम्ही तीस फुटांचीच दोरी धरा." तीस फूट सरळ काढले असते तर रॅम्प तुळशीवृंदावनाला जाऊन भिडला असता. म्हणून आम्ही तो घराच्या पुढच्या भिंतीला लागून, लांबीच्या दिशेने घेतला, छपराचे वासे चार फूट पुढे वाढवून तो वळचणीखाली आणला, आणि त्याच्या बाहेरच्या कडेला चिऱ्यांची जाड भिंत बांधली. छपराखाली आल्यामुळे पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरत नाही, आणि हा लाभ मी आधी फारसा मोजलाच नव्हता. उघड्यावरचे रॅम्प आपल्याकडे जुलैपर्यंत हिरवे आणि निसरडे होतात, मग ज्यांच्यासाठी ते बांधले तेच त्यांच्यावर पाऊल टाकायला भितात. वर पोचल्यावर पाच फूट लांब आणि पाच फूट रुंद सपाट जागा ठेवली, कारण खुर्ची वळवायला तेवढा घेर लागतो. तिथे बाहेरच्या भिंतीचा माथा त्या सपाट जागेपासून दीड फुटावर येतो, आणि तोच आता आमचा नवा सोपा झाला आहे. उंबरठा मेस्त्रींनी काढून दोन्ही बाजूंनी उताराचा गुळगुळीत पट्टा केला.

त्या दीड फुटाविषयी थोडे अधिक लिहिते. दगडी बैठकीवर बसलेल्या माणसाचे डोळे आणि चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जवळजवळ एकाच उंचीवर असतात. उभ्या माणसांच्या घोळक्यात खुर्चीवरच्याला सतत मान वर करून बोलावे लागते आणि लोक त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत राहतात. सोप्यावर सगळे बसलेलेच असतात, त्यामुळे बाबा पुन्हा गप्पांच्या मधोमध आले. त्यांचे शब्द अजून अडखळतात, पण समोरचा थांबून ऐकतो. आणखी एक गोष्ट घडली. आमच्याकडे वर्षानुवर्षे मासळी घेऊन येणारी बाई डोक्यावरची पाटी खालच्या पायरीवर उतरवून तिथेच बसत असे. तिच्या आईनेही तसेच केले होते, आणि आमच्या घरातल्या कोणाला त्यात वावगे वाटले नव्हते. रॅम्प झाल्यावर एका सकाळी ती पाटी न उतरवता सरळ चढून वर आली, चिऱ्याच्या भिंतीवर पाटी ठेवली, शेजारी बसली आणि पदराने तोंड पुसत आईला म्हणाली, "हांगा बरें वारें मारता." आईने तिला आतून पाणी आणून दिले, आणि दोघी बाबांच्या शेजारी कितीतरी वेळ बोलत बसल्या. पायऱ्या होत्या तोवर ती वर का येत नव्हती, हे विचारण्याची गरज उरली नाही.

चुकांविषयीही लिहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील एका गावात आरोग्य उपकेंद्राच्या प्रतीक्षा-पडवीचे काम माझ्याकडे आले. मला ती जागा भव्य आणि हवेशीर करायची होती, म्हणून छप्पर चौदा फुटांवर नेले आणि पडवी आठ फूट खोल ठेवली. नकाशात ती फार देखणी दिसली. पहिल्या पावसाळ्यात लसीकरणाच्या दिवशी मी तिथे गेले तेव्हा बाळांना कुशीत घेतलेल्या बायका छपराखाली छत्र्या उघडून बसल्या होत्या. नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो तेव्हा पाऊस उभा पडत नाही, पंचेचाळीस अंशांनी तिरका येतो. अशा पावसात वळचण जितकी उंच तितके आत पाणी येते: चौदा फुटांच्या वळचणीखाली चौदा फूट जमीन भिजते, आणि माझी पडवी होती आठ फुटांची. हा हिशेब कागदाच्या कोपऱ्यात मांडता आला असता, मी तो मांडला नव्हता. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या सुताराला तो मांडावाही लागला नसता. त्याने वळचण हाताला लागेल इतकी खाली आणली असती.

दुसऱ्या वर्षी आम्ही त्या उंच छपराच्या कडेखाली सात फुटांवर कौलांचे दुसरे उतरते छप्पर जोडले आणि ते दोन फूट पुढे काढले, म्हणजे पडवी दहा फूट खोल झाली. सात फुटांची वळचण आणि दीड फुटाची बैठक यांत अंतर उरते साडेपाच फुटांचे, म्हणजे तिरका पाऊस बैठकीच्या उंचीवर साडेपाच फूट आत येतो आणि भिंतीलगतचा बाक कोरडा राहतो. वरच्या आणि खालच्या छपरांमधल्या फटीतून तापलेली हवा निघून जाते, हा त्यातला दुसरा फायदा. मात्र वळचण खाली आणल्यावर आतला उजेड कमी होतो, म्हणून भिंती पांढऱ्या ठेवाव्या लागतात आणि खांबांना गडद रंग द्यावा लागतो, जेणेकरून अंधूक दिसणाऱ्याला खांब आणि भिंत वेगळी ओळखता येईल.

पश्चिमेची बाजू सर्वांत अवघड. पाऊस तिथूनच येतो, दुपारचे ऊन तिथूनच येते आणि समुद्राकडचा सुखाचा वाराही तिथूनच येतो. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता गोव्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे पंचवीस अंशांवर असतो. तेव्हा सात फुटांच्या वळचणीखालून ऊन बैठकीच्या उंचीवर जवळपास बारा फूट आत शिरते, म्हणजे दहा फुटांची खोल पडवीही त्याला अडवू शकत नाही. भिंत घातली तर वारा बंद होतो. पूर्वी यावर माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधत: मे महिन्याच्या अखेरीस बांधायचे आणि पाऊस सरला की सोडायचे. झापांतून वारा गाळून येतो आणि पावसाची मार बाहेर राहते. आज दरवर्षी झाप विणणारे हात मिळणे कठीण झाले आहे, तरी तत्त्व तेच ठेवून लाकडाच्या तिरक्या झडपा, चिऱ्यांची जाळी किंवा बांबूचे सरकते पडदे करता येतात. पश्चिमेला एखादा पानगळीचा नसलेला वृक्ष असेल तर तो तोडून पडवी बांधू नये. पडवी दोन हात सरकवावी.

छपराच्या साहित्याबद्दल थोडक्यातच सांगते. पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे आणि उघडा लोखंडी पत्रा यांची निवड सार्वजनिक कामांत सर्रास होते, कारण ते स्वस्त पडतात आणि लवकर बसतात. पत्रा उन्हात तापला की स्वतःच खालच्या माणसावर उष्णता फेकू लागतो, म्हणजे सावली मिळते पण डोक्यावर निखारा राहतो. मंगळुरात १८६५ साली बासेल मिशनने सुरू केलेल्या कारखान्यातून ज्या चपट्या कौलांचा प्रसार झाला ती आजही या कामाला उत्तम आहेत, कारण त्यांच्या सांध्यांतून हवा खेळते. पत्राच वापरायचा असेल तर त्याच्याखाली चार-सहा इंच हवेची पोकळी सोडून बांबूच्या चटईचा थर द्यावा, एवढ्यानेही फरक पडतो.

पणजीत अठरा जून रस्त्यावरच्या अनेक इमारतींना दुकानांसमोर खांबांच्या आतून जाणारी छायेची वाट आहे. भर पावसात छत्री न उघडता खरेदी करता यावी, असा हा शहाणा विचार. पण ही वाट चालून पाहावी. प्रत्येक इमारतीने आपले जोते आपल्या मर्जीने ठरवले आहे. एका इमारतीतून दुसरीत जाताना कुठे एक पायरी चढायची, कुठे दोन उतरायच्या, कुठे मध्येच गटाराचे झाकण आणि कुठे दुकानाची जाहिरातफळी. काठी घेऊन चालणारा म्हातारा दोन इमारतींनंतर कंटाळतो आणि रस्त्यावर उतरून वाहनांच्या कडेने, उन्हात चालू लागतो. त्या वाटेचे छप्पर तयार आहे, जागा तयार आहे. लागलेल्या इमारतींच्या जोत्यांना एकमेकांशी उताराने जोडणे एवढेच काम उरले आहे, आणि ते कोणा एका मालकाचे नसल्यामुळे ते महानगरपालिकेनेच हाती घ्यायला हवे.

कायदा याबाबत मुका नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सुलभतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुलभ करायच्या होत्या. नियम २०१७ साली आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुलभतेची मानके केवळ मार्गदर्शक ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे, ती बंधनकारक असली पाहिजेत. आमच्या क्षेत्रातील पुष्कळांना हे ओझे वाटते. मला ते तसे वाटत नाही. परंतु मानकांचा मसुदा वाचताना असे जाणवते की त्यांत दार, लिफ्ट, स्वच्छतागृह आणि रॅम्प यांचा विचार जितका बारकाईने होतो तितका थांबण्याच्या, टेकण्याच्या आणि वाट पाहण्याच्या जागेचा होत नाही. घरांसाठीच्या इको निवास संहितेत उष्ण-दमट प्रदेशासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवे असे म्हटले आहे. हवेची किंमत अशी आकड्यात मांडता येते, तर सार्वजनिक इमारतीपुढे सावलीची मोकळी बैठक किती हवी हेही आकड्यात मांडता येईल.

मोठ्या इमारतीत ही जागा कशी असावी हे पाहायचे असेल तर पणजीच्या कांपाल भागातील कला अकादमी डोळ्यांसमोर आणावी. मूळचे गोमंतकीय असलेल्या चार्ल्स कुरैया यांनी रचलेली आणि १९८३ साली पूर्ण झालेली ही वास्तू रस्त्याकडून दाराने अडवत नाही. छपराखालून चालत गेले की माणूस थेट मांडवीच्या काठी पोचतो. नाटकाचे तिकीट नसलेला, गाण्याच्या वर्गाला आलेला आणि नुसताच नदी पाहायला आलेला असे तिघे एकाच सावलीत वावरू शकतात, हे त्या रचनेचे मोठेपण. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा शहरात चाकांच्या खुर्च्या, पांढऱ्या काठ्या आणि हातांच्या खुणांनी चाललेली संभाषणे मी एकाच वेळी इतक्या संख्येने प्रथमच पाहिली. त्या दिवसांत मला सतत एकच विचार येत राहिला, की ही माणसे वर्षाच्या उरलेल्या दिवसांत याच शहरात असतात आणि तरीही दिसत नाहीत.

त्या महोत्सवानंतर ओळख झालेल्या एका दृष्टिहीन शिक्षिकेने मला जे सांगितले ते कोणत्याही मानकात नाही. पावसाळ्यात पडवीत चालताना त्यांना कड ओळखण्यासाठी काठी फारशी लागत नाही, कारण पागोळ्यांचा आवाज एका रेषेत पडत असतो. ती रेषा म्हणजे छपराची हद्द. जिथे पन्हाळ लावून ते पाणी नळात बंद केलेले असते तिथे त्यांना ही खूण मिळत नाही. तेव्हापासून मी पडवीच्या कडेला पागोळ्या पडू देते आणि खाली खडीची उथळ चारी ठेवते. पाणी खडीतून जमिनीत मुरते, आवाज स्पष्ट येतो, आणि काठीचे टोकही खडीवर वेगळे वाजते.

बसण्याविषयी मला विशेष आग्रहाने लिहायचे आहे. हल्ली सार्वजनिक बाकांवर मधोमध लोखंडी दांडे बसवतात, कोणी आडवे होऊ नये म्हणून. भर उन्हात चक्कर आलेल्या मजुराला आडवे होण्याइतकी जागा नाकारणारा बाक हा उष्णतेच्या काळात धोकादायक आहे असे मी मानते. हाताला आधार देणारे दांडे म्हाताऱ्यांना उठताना लागतात, हे खरे. ते बाकाच्या टोकांना द्यावेत आणि मध्ये सलग लांबी ठेवावी. शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ, रात्री सौम्य पण सलग दिवा, आणि रस्त्यावरून आत व आतून रस्त्यावर नजर जाईल इतका मोकळेपणा, या गोष्टी असतील तर अंधार पडल्यावरही बायका तिथे थांबतील. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दूरच्या गावांतून आलेल्या विक्रेत्या पहाटेपासून बसतात. त्यांच्यासाठी उंच, सुबक मंडईपेक्षा खाली उतरलेली वळचण आणि पाठ टेकायला एक भिंत अधिक मोलाची आहे, हे त्यांना विचारले तर त्या लगेच सांगतात. विचारणारे कमी.

सध्या पेडणे तालुक्यातील एका प्राथमिक शाळेच्या पडवीचा नकाशा माझ्या टेबलावर आहे. शेजारच्या ओहोळाचे पाणी दोन वेळा वर्गात शिरल्यामुळे नवे जोते दोन फुटांनी उंच घ्यायचे ठरले आहे. एकास वीसपेक्षा सौम्य उताराला मानके रॅम्प न मानता साधी वाट मानतात, आणि दोन फुटांना त्या हिशेबाने चाळीस फूट लागतात. शाळेची पडवी बावन्न फुटांची आहे. म्हणून वेगळा रॅम्प न काढता अख्खी पडवीच उताराची केली आहे: फाटकापाशी ती अंगणाच्या पातळीवर सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला वर्गाच्या दाराशी नकळत दोन फूट चढलेली असते. भिंतीलगतची बैठक मात्र टप्प्याटप्प्याने सपाट आहे, त्यामुळे खालच्या टोकाला ती मोठ्या माणसाच्या उंचीची आणि पुढे पहिलीतल्या मुलांच्या उंचीची होत जाते. एकही मूल वेगळ्या वाटेने वर्गात जाणार नाही.

गेल्या आठवड्यात त्याच गावातील एका महाविद्यालयीन मुलीला, जी चाकांची खुर्ची वापरते, आम्ही जागेवर बोलावले. जमिनीवर चुन्याने पडवी आखली होती आणि चढाच्या जागी मुरूम चोपून तात्पुरता उतार केला होता. तिने तो दोनदा चढून पाहिला आणि चढ बरोबर आहे म्हणाली. मग वरच्या टोकाला थांबून तिने वर्गाच्या दाराच्या रेषेकडे बोट केले. दार तिथे बाहेर उघडले तर खुर्ची मागे घ्यावी लागेल, आणि मागे लगेच उतार सुरू होतो. "पाठीमागे घसरायची भीती वाटते हो," ती म्हणाली. सपाट जागा आम्ही पाच फूट धरली होती, पण दाराचा घेर तिच्यातून वजा केला नव्हता. मेस्त्रींनी फीत धरली. दार आत उघडणारे केले आणि सपाट जागा सात फूट केली तर उतारासाठी पंचेचाळीस फूट उरतात, म्हणजे काम होते. फक्त तिसरा खांब दीड फूट सरकवावा लागतो. जोत्याचे काँक्रीट पुढच्या सोमवारी पडायचे आहे, तेव्हा नकाशा आज रात्रीच दुरुस्त करून पाठवते.